गाऱ्हाण्यातला तिचा आवाज

खरं सांगायचं तर त्या वर्षी मी देवीकडे मनापासून काही मागतही नव्हते. माझी सई सहा वर्षांची झाली होती, पण हाक मारली तरी वळून बघत नसे. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तकं वाचून सगळं समजतं असा माझा समज होता, आणि हिच्यापुढे काहीच चालत नव्हतं. रत्नागिरीच्या थेरपीच्या बाई दर खेपेला बजावायच्या, "एकदा हाक मारा आणि थांबा. तिच्या वाट्याचं तुम्ही बोलू नका." मला मात्र थांबवत नसे. कुणी तिला नाव विचारलं की लाजेपोटी मीच पटकन सांगून मोकळी व्हायचे.

शिमग्याला गावी गेलो होतो. दुपारी पालखी देवळातून निघताना ढोल एकदम कडाडला, आणि सईने कान झाकायला माझा हात सोडला. गर्दीचा लोंढा मध्ये आला. वळून पाहिलं तर ती नाही. देवळामागे कठडा नसलेली विहीर आहे. मी आधी तिकडेच धावले. पाणी संथ होतं. "सई, सई" करत मी वेड्यासारखी फिरत राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, घरात ओ देत नाय ती पोर, हितं काय देणार?" लागलं मनाला, पण खोटं नव्हतं.

तेवढ्यात गुरवकाकांनी ढोल थांबवायला लावले. मला म्हणाले, "सूनबाय, तू जरा दम घेशील तर तिला बोलायला जागा मिळंल ना! गप उभी ऱ्हा." आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गुरव देवीला एकेक मागणं सांगतो आणि सारा गाव होकार भरतो.

"बा देवी म्हाराजा, तुजं लेकरू वाट चुकलंय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याला सांभाळ, आईकडं धाड!"

"व्हय म्हाराजा!"

गाव बोलून शांत झाला. माझ्या ओठांवर पुन्हा तिचं नाव आलं होतं, ते मी गिळलं. आणि त्या शांततेत एकच बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

देवळाच्या भांड्यांच्या खोलीत, महाप्रसादाच्या मोठ्या टोपामागे सई बसली होती. दरवर्षी माझ्या कडेवरून तिने गाऱ्हाणं ऐकलं होतं. तोंडातून शब्द कधी काढला नव्हता. काकूंनीच आधी डोळ्यांना पदर लावला.

हे कसं घडलं ते मी कुणाला पटवायला जात नाही. सई आजही पुष्कळदा उत्तर देत नाही. "सई, भात हवा?" असं विचारून मी वाढणीचा हात तसाच धरून थांबते. परवा ती म्हणाली, "थोडा." आता देवीपुढेही, मागणं सांगून झालं की मी लगेच उठत नाही. थोडा वेळ गप्प बसते. तिलाही बोलायला जागा हवी.