मूल हवंय का, हे कुणी विचारलंच नाही

"एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्याच दमात, "आता मुलाचा विचार डोक्यातून काढून टाका."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ताप हटेना म्हणून माझं रक्त तपासलं होतं. मग माझ्या नवऱ्याचं, संदीपचं तपासलं. तोही पॉझिटिव्ह. कुणाकडून कुणाला झाला, हे लोकांना आधी हवं असतं. ते मी सांगणार नाही.

सरकारी दवाखान्यात एआरटी सुरू झाली, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या. संदीप न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतो, गोळ्या डब्यासोबत नेतो. घणसोली गावातल्या आमच्या घरमालकीण काकू पाळण्याचं विचारायच्या. मी हसून वेळ मारून न्यायचे. डॉक्टरांनीच नाही म्हटलं होतं ना.

सहा वर्षं अशीच गेली. मग दवाखान्यात नव्या डॉक्टर मॅडम आल्या. रिपोर्ट बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला मूल नकोय का?"

मला रडूच फुटलं.

त्यांनी व्हायरल लोड समजावला. रक्तात विषाणू किती आहेत, याची मोजणी. आमच्या दोघांचा सापडत नाही इतका कमी होता. गोळ्या चालू ठेवल्या आणि जन्मल्यावर बाळाला औषध दिलं, तर लागण होण्याची शक्यता अगदी थोडी. हे आधीही खरंच होतं. मग आम्हाला सांगितलं का नाही?

दिवस राहिले. बहीण उलव्याला असते, म्हणून तिथल्या एका खासगी रुग्णालयात गेलो. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर काउंटरवरच, सगळ्यांसमोर ऐकवलं, "असे पेशंट आम्ही घेत नाही." कायद्यानं असं नाकारता येत नाही. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, तुम्ही ठाऊक करून घ्या.

सरकारी रुग्णालयात मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी सिस्टर आल्या, म्हणाल्या, एक झालं ना, आता ऑपरेशन करून टाका. शेजारच्या बाईचंही पहिलंच होतं. तिला कुणी काही म्हटलं नाही.

संदीप भेटायला आला होता. तो शांतपणे म्हणाला, "ते आमी ठरवू, सिस्टर."

पहिले काही आठवडे बाळाला पातळ औषध पाजलं. मधल्या तपासण्या झाल्या. दीड वर्षाची झाल्यावर शेवटची. निगेटिव्ह. संदीप तिला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर नुसता बसून राहिला. घरी चल म्हटलं तरी उठेना.

मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण साधा प्रश्न विचारला याचेही उपकार वाटावेत, ही काय गोष्ट झाली?

तुमच्यावर ही वेळ आली, तर कुणी विचारेल याची वाट बघत बसू नका. परवा मीच मॅडमना म्हटलं, "आम्हाला दुसरं हवंय."

"बरं," त्या म्हणाल्या, "आधी दोघांचा व्हायरल लोड बघू."