पाणी कुठवर आलं होतं?

"पाणी कुठवर आलं होतं?" मी विचारलं. सुमनबाईंनी टाचा उचलल्या, हात ताणला आणि भिंतीतल्या कोनाड्याच्याही वर बोट टेकवलं. "इथपर्यंत आलतं, म्याडम." आमच्या सर्व्हेअरने तिथे रंगाची खूण केली आणि आम्ही शेजारच्या घरात गेलो.

मी नगररचनेत रचना सहायक आहे. म्हणजे नकाशावर रेषा मारायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या. मेहकरच्या अलीकडे पैनगंगेच्या वळणावर हे गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून जावं लागतं. डोह, दोन्ही काठांवर अर्जुनाची जुनी झाडं, दगडी घाट. इतकी देखणी जागा की फार्महाऊसवाले आणि हॉटेलवाले घिरट्या घालायला लागले होते. म्हणून काठ राखायचं ठरलं आणि निळी रेषा आखायचं काम आमच्याकडे आलं. मोठ्या पुराचं पाणी जिथवर पसरतं तिथे ही रेषा. तिच्या आत नवं बांधकाम नाही. या पट्ट्यात पाणी मोजायची सोय नव्हती, म्हणून गणिताच्या जोडीला गावकऱ्यांना विचारायचं, मागचा पूर कुठवर आला होता?

सुमनबाईंचं मातीचं घर नदीकडेच्या बौद्ध वस्तीत. नवरा गेलेला, मजुरीवर घर चाललेलं. यंदा त्यांना घरकुल मंजूर झालं होतं. जुनं पाडून त्याच जागेवर स्लॅबचं बांधायचं, खिडकी नदीकडे ठेवायची, हे सगळं त्यांनी आम्हाला पाण्याचा तांब्या देता देता सांगितलं.

अख्खी आळी टाचा वर करून उभी राहायला लागली, तेव्हा मला शंका आली. चौकशी केली तर कोतवालाने सकाळी हाळी दिलेली, "पुराचे साहेब येऊन राह्यले!" आमच्याकडे पुरानंतर साहेब येतो तो पंचनाम्याला. पाणी जितकं वर, तितकी मदत पदरात. मी वस्तीत परत गेले, सगळ्यांना गोळा करून सांगितलं की बाबांनो, ही मदत नाही, उलट तुमच्या जागेवर बंदी येईल. सगळे "हाव म्याडम, हाव म्याडम" म्हणाले. बोट मात्र एकानेही खाली आणलं नाही.

पलीकडचा काठ दिनकररावांचा. त्यांना तिथे लग्नाचं लॉन काढायचं होतं, आणि त्यांचा पुतण्या आर्किटेक्ट. निळी रेषा म्हणजे काय हे त्या घराला माझ्याआधी माहीत होतं. चहा पाजून ते शांतपणे म्हणाले, "आमच्या वावरात पानी चढतच नाही, म्याडम. बांधाले लागते अन् मांगं फिरते." त्यांच्याच बांधाच्या वरच्या बाभळीत, माझ्या डोक्याच्या उंचीवर, पुराचा गाळकचरा अडकलेला होता. मी ऑफिसात आमच्या साहेबांना फोटो दाखवला.

"वाऱ्यानं उडून आला असेल," साहेब म्हणाले.

"सर, पण समोरच्या काठाला इतकं वर आणि इथे इतकं खाली?"

"वळण आहे ना. बाहेरच्या काठाला पाणी जास्त चढतं."

ते खरंच आहे. चढतं, पण एवढं नाही. साहेबांनाही ते कळत होतं.

रेषेचा मसुदा लागला, वस्ती आत आणि दिनकररावांचं वावर बाहेर. हरकती मागवल्या. सुनावणीच्या दिवशी सुमनबाई आधी माझ्या टेबलाशी आल्या. रेषेच्या आत घरकुल होत नाही, असं ग्रामसेवकाने त्यांना सांगितलं होतं.

"ताई, पानी उंबऱ्यालेच लागलं होतं. मी उगंच वर दाखोलं."

"मग आत साहेबांना हेच सांगा. मी आहे तिथे."

"मागच्या पुराची मदत साऱ्या आळीले भेटली, ताई. मी उंबरा म्हटला त बाकीच्यायनं काय सांगावं? त्यायच्या घरी वसुलीले जातीन न."

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. आत साहेबांनी विचारलं, पाणी नेमकं कुठवर? सुमनबाईंनी मागे उभ्या असलेल्या आळीतल्या बायांकडे पाहिलं.

"कोनाड्याच्या वर, साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं. मला इतका राग आला की मी उठून व्हरांड्यात गेले. राग कोणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही.

रेषा कायम झाली. ग्रामपंचायतीकडे दुसरी जागा नव्हती. घरकुल यादीतल्या पुढच्या माणसाला गेलं. पलीकडे लॉन झालं, झाडांना लायटिंग आणि रात्री डीजे. लग्नाआधीचे फोटो काढायला जोड्या येतात आणि कॅमेरा अलीकडच्या काठाकडे धरतात, कारण हिरवं तिकडेच उरलंय. सुमनबाईंनी भिंतीला प्लास्टिकची पन्नी बांधून दोन पावसाळे काढले. तिसऱ्यात नदीकडची भिंत बसली. आता त्या बीबी गावाला लेकीच्या घरी राहतात, जावयाच्या दारात.

कागदावर नदीचा काठ राखला गेला. तसा रिपोर्ट मीच टाइप केला.

आता कुठल्याही गावात शिरले की नमस्काराआधी सांगते, मी काही द्यायला आलेली नाही, न्यायला आलेय. साहेबांना हे आवडत नाही. म्हणतात, मॅडम, लोक घाबरतात.

घाबरू देत.