सरहद्दीपलीकडचं बाळंतपण

"पलटणीतल्या माणसाला असला रोग म्हणता? जीभ झडंल डाक्टर तुमची!"

म्हातारी ओरडत होती. तिची सून हिरा बाकावर पोटावर पदर ओढून बसली होती. पाचवा महिना. नवरा पलटणीतून रजेवर येऊन जायचा. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं. आता पुण्याहून तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. उपदंश, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात तो रोग.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कराडजवळच्या सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. गावोगावचे शिपाई घरी परतत होते आणि वेशीवर हलगी वाजत होती.

दर महिन्याला आम्ही वर रिटर्न, म्हणजे आकड्यांचा तक्ता, पाठवायचो. रोगी किती, रोग कुणाकडून आला. ज्याच्याकडून आला आणि ज्याला दिला, तो 'कॉन्टॅक्ट'. तो सापडला तरच साखळी तुटते. पण आमच्या फॉर्मात रोगाच्या उगमाला दोनच रकाने होते : 'बाजारी स्त्री' आणि 'अज्ञात'. नवऱ्याला रकानाच नव्हता. सरकारच्या लेखी नवरा रोग देतच नव्हता.

मी हिराच्या नवऱ्याला, पलटणीतल्या हवालदार शंकरला, बोलावून घेतलं.

"तिकडं सुया टोचल्या व्हत्या की," शंकर म्हणाला. "निम्म्यात पलटण हलली. पण आता डाग न्हाई, दुखणं न्हाई. लय झ्याक हाय मी."

"डाग गेले. रोग आतच आहे. दोघांनाही दर आठवड्याला सुई घ्यावी लागेल."

"तिला टोचा. माजं नाव कुटं लिवू नका. गावात तोंड दावायचं हाय मला."

तेव्हा हिरा पहिल्यांदा बोलली. "टोचा मला. ह्ये पोरगं जगंल न्हवं?"

"जगेल. मधेच थांबलीस तर सांगता येत नाही."

ती दर आठवड्याला मलकापुराहून एकटीच चालत यायची. दंड सुजायचा, उलट्या व्हायच्या, तरी यायची. मग सातवा लागला. ओटी भरली आणि रीतीप्रमाणे तिला माहेरी न्यायला भाऊ आला. माहेर सांगलीकडं. म्हणजे संस्थानात, आमच्या इंग्रजी हद्दीबाहेर.

उरलेल्या सुया तिकडच्या दवाखान्यात मिळाव्यात म्हणून मी पत्र लिहून जिल्ह्याच्या बड्या डॉक्टरांपुढं ठेवलं. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत.

"संस्थान म्हणजे परकं राज्य. तिथं आपली केस कशी पाठवता?"

"केस नाही साहेब, बाई जातेय."

"फौजी घराचं नाव असल्या पत्रात? भरतीवाले माझी मान धरतील. हद्द ओलांडली ना तिनं? मग 'स्थलांतरित' लिहा आणि मोकळे व्हा."

"आणि मूल?"

"मूल संस्थानाचं," रावसाहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

रविवारी मी स्वतः सांगली गाठली. तिकडचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "औषध मोजून येतं आम्हाला. तुमच्या जिल्ह्याच्या रोग्याला कसं देऊ? वरची सही आणा." मी खूप बोललो. त्यांनी मला चहा दिला.

आठव्या महिन्यात हिराला मुलगा झाला. मेलेला.

शंकर तिला आणायला गेला नाही. "मढी जन्माला घालती ती," म्हातारीनं गावभर सांगितलं. लवकरच त्याचं दुसरं लग्न लागलं, बँड लावून. त्या वर्षी आमच्या रिटर्नमध्ये उपदंशाचा आकडा खाली आला. रावसाहेबांनी माझी पाठ थोपटली. मी त्यांचा हात झटकला. त्याचीही नोंद कुठं झाली नाही.

काही महिन्यांनी तीच म्हातारी नव्या सुनेला घेऊन आली. पोरीच्या तळहातावर तांबडे चट्टे उठले होते.

"आवं डाक्टर, त्या पयल्या अवदसेची बाधा हिलाबी लागली बगा."

"शंकरला घेऊन या," मी म्हणालो.

"त्येला काय झालंय? घोड्यावानी हाय."

पोरीला दिवस गेले होते. मी सुई उकळायला ठेवली आणि विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

"सांगलीकडलं," ती लाजून म्हणाली.

रोगाला हद्द ठाऊक नसते. ती औषधाला ठाऊक असते.