अकरा पानांचा कुलवृत्तांत

श्रीगोंद्यातल्या एका शाळेचे निवृत्त हेडक्लार्क सुमंत मांडवगणे आपल्या कुळाचा कुलवृत्तांत लिहीत आहेत, ही गोष्ट अख्ख्या मांडवगणे कुळाला ठाऊक होती. नगरच्या, पुण्याच्या, झालंच तर न्यू जर्सीच्या मांडवगण्यांनाही ठाऊक होती. तो अजून लिहून झालेला नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. किती लिहून झालेला नाही, हे मात्र एकट्या सुमंतरावांना ठाऊक होतं.

अकरा पानं झाली होती.

त्यातलं पहिलं गणेशवंदनेत गेलं. पुढं गोत्र, प्रवर, कुलदैवत. मग लेखकाचं मनोगत, ज्यात कुलवृत्तांत लिहिणं किती कष्टाचं काम आहे हे सविस्तर सांगितलं होतं. शेवटच्या पानावर मूळ पुरुषाचं नाव येऊन थांबलं होतं. त्याला दोन मुलगे, आणि थोरला कोण यावरून नगरची शाखा आणि पुण्याची शाखा यांच्यात तीन पिढ्या धुसफुस. एकाला थोरला म्हणावं तर दुसऱ्या घरचं जेवणाचं आमंत्रण तुटणार. सुमंतरावांनी तिथं जे बोट उचललं, ते पुन्हा कळफलकावर ठेवलंच नाही.

तसा हा उपद्व्याप त्यांनी मागून घेतला नव्हता. फार वर्षांपूर्वी एका मुंजीच्या पंगतीत, जिलबीचा आग्रह चालू असताना, ते सहज बोलून गेले, "आपल्या कुळाचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा." असलं वाक्य बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, हे कार्यालयात उभा जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. तिथल्या तिथं शाल आली, नारळ आला, आणि महिन्याभरात कुळानं वर्गणी काढून घेतलेला कॉम्प्युटरही आला.

आणि खरं सांगायचं तर सुमंतरावांना ते आवडलं. जन्मभर "मांडवगणे, दाखला कधी मिळेल?" एवढंच ऐकलेल्या माणसाला लग्नकार्यात पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली. नव्या सुना ओळख करून दिल्यावर वाकून नमस्कार करत. "हे आपले कुलवृत्तांतकार." ते नाव गेलं तर आपल्यापाशी पेन्शन आणि ब्लडप्रेशर यापलीकडं काही उरत नाही, याची त्यांना पक्की जाणीव होती आणि त्याची त्यांना भीती वाटायची.

कॉम्प्युटरनं त्यांना इतकी वर्षं चांगलं सांभाळलं होतं. त्यांच्या पत्नी शोभाकाकूंनी त्याला जुन्या पातळाची झालर लावलेली खोळ शिवली होती. दर दसऱ्याला त्याच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघे, माउसला हळद लागे, कळफलकावर आपट्याचं पान पडे. काळाच्या ओघात तो इतका मंद झाला की बटण दाबून सुमंतराव आंघोळीला जात, पूजा करत, चहा घेत आणि येऊन बघत तेव्हा पडद्यावर अजून ठिपके फिरत असायचे. कुणी फोनवर विचारलं की उत्तर तयार असे. "माझ्याकडून नव्वद टक्के झालंय हो. यंत्र साथ देत नाही."

या वाक्यावर इतकी वर्षं निभावली. पुण्याच्या राजसनं ते मनावर घेतलं नसतं तर पुढंही निभावली असती.

राजस म्हणजे चुलतभावाचा मुलगा, कॉम्प्युटरमधलाच इंजिनिअर. दिवाळीनंतर नगरला कुलसंमेलन ठरलं होतं आणि त्यात पुस्तक प्रकाशित व्हावं असं सगळ्यांच्या मनात होतं. "काका, नवा घ्यायची गरजच नाही," तो फोनवर म्हणाला. "जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकू, वर नवी विंडोज. पळायला लागेल. श्रीगोंद्यात अजिनाथ म्हणून माझ्या ओळखीचा आहे, तो घरी येऊन बसवून देईल."

सुमंतरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "पण आता पितृपक्ष आहे," ते म्हणाले.

पितृपक्षात नवं काही करायचं नसतं, त्यातून हे तर पितरांचंच काम. राजसनं ऐकलं. पंधरवडा सरला, तर नवरात्र बसलं. घरात घट बसलेला असताना यंत्र उघडून ठेवणं बरं दिसत नाही. राजसनं तेही ऐकलं. पण नवरात्राच्या शेवटी दसरा येतो आणि दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी पूर्ण मुहूर्त, त्या दिवशी पंचांग उघडायचीही सोय नाही. महिनाभर धर्मशास्त्राच्या आडोशाला उभा राहिलेला माणूस धर्मशास्त्रानंच उघड्यावर आणला.

दसऱ्याला दुपारी अजिनाथ आला. डबा उघडून त्यानं ब्लोअर मारला तसा बुक्का उधळल्यासारखा धुरळा उडाला. "काका, लई वर्साची धूळ हाय ही," तो खोकत म्हणाला. "आता जुन्या डिस्कवरचं समदं नव्या डिस्कवर उतरवायला लावतो. तीन-चार तास जात्याल. तुमी सोनं वाटून या खुशाल."

सुमंतराव आपटा घेऊन बाहेर पडले. देवळात गेले, ओळखीच्या प्रत्येक घरी गेले, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनाही सोनं देऊन आले. काही करून अजिनाथची ती उतरवाउतरव फसावी, एवढंच ते प्रत्येक उंबऱ्यावर मनात म्हणत होते.

परत आले तर अजिनाथ चहा पीत होता आणि शोभाकाकू खुर्चीत बसून पडद्याकडं बघत होत्या. नवऱ्याला पाहून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"बगा," अजिनाथनं बटण दाबलं. सुमंतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला तोवर पडदा उजळून, सजून, तयार होऊन बसला होता. "समदं हाय तसं आलंय. काकूंना उगडून दावलं मी. न्हाई म्हनायला जागा न्हाई."

"छान," सुमंतराव म्हणाले.

अजिनाथनं काढलेली जुनी डिस्क टेबलावर पडली होती. ती उचलून सुमंतरावांनी तिला कुंकू लावलं आणि देवघरात, घटाशेजारी नेऊन ठेवली. "इतकी वर्षं पूजेतली वस्तू आहे. भंगारात द्यायची नाही," ते म्हणाले. मनात मात्र वेगळंच शिजत होतं. अजिनाथ गेल्यावर ते कॉम्प्युटरपाशी बसले आणि ती अकरा पानं उचलून 'वीजबिले' नावाच्या कप्प्यात सारून आले. मग राजसला फोन लावला.

"अरे, बाकी सगळं आलं, पण नेमका कुलवृत्तांतच आला नाही."

"असं होत नाही काका. जसंच्या तसं उतरतं ते."

"आता नाही आला त्याला मी काय करू?"

राजस उत्साहानं म्हणाला, "हरकत नाही. जुनी डिस्क आहे ना तुमच्याकडं? दिवाळीत मी केबल घेऊन येतो. दोन मिनिटांत काढून देतो. फक्त जपून ठेवा ती."

झालं. एक खड्डा बुजवायला गेले ते दुसरा खणून बसले. आता देवघराकडं बघायचीही सोय राहिली नाही. सकाळी पूजेला बसले की शाळिग्रामाच्या पलीकडं ती काळी चपटी डिस्क कुंकू लावून बसलेली दिसायची आणि हात अथर्वशीर्षाच्या मधेच थबकायचा. जेवण कमी झालं. शोभाकाकूंनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?" ते म्हणाले, "पित्त आहे."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी टेम्पो ठरवला आणि घटाची माती, धान, नवरात्राचं निर्माल्य घेऊन त्या भीमेवर विसर्जनाला गेल्या. शोभाकाकूही गेल्या. दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्यावर सुमंतरावांच्या लक्षात आलं की देवघरात डिस्क नाही.

"अगं, इथली ती काळी वस्तू कुठंय?"

"ती होय? कुंकू लावलेलं होतं, घटाशेजारी होती," शोभाकाकू कणीक मळत म्हणाल्या. "निर्माल्यातच गेली असेल. वाहिली भीमेला."

सुमंतरावांनी डोक्याला हात लावला, आवाज चढवला, शेजारी ऐकू जाईल इतपत आदळआपट केली. आणि हे सगळं करत असताना त्यांना जे वाटत होतं तो निव्वळ आनंद होता. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

बातमी कुळात वाऱ्यासारखी पसरली. शोभावहिनींनी कुलवृत्तांत नदीत सोडला! फोनवर फोन आले. सगळे सुमंतरावांचं सांत्वन करत आणि शेवटी आवाज खाली आणून विचारत, "पण वहिनींना कळू नये इतकं?" सुमंतराव उसासा सोडत. "जाऊ द्या हो. बायकामाणसांना काय कळतंय त्यातलं." ज्या बाईनं त्यांच्या संसाराचा हिशेब एका पगारात बसवून दोन मुली उजवल्या, तिच्याबद्दल ते हे बोलत होते आणि ती पलीकडं भाजी निवडत ऐकत होती.

संमेलन ठरल्याप्रमाणे नगरच्या मंगल कार्यालयात झालं. प्रकाशनाच्या जागी सत्कार झाला, एवढाच फरक. कुळातले सर्वांत वडील राधाकृष्णदादा बोलायला उठले. "पुस्तक गेलं, पण तपश्चर्या जात नाही," असं म्हणून त्यांनी सुमंतरावांच्या अंगावर शाल घातली. नगरची आणि पुण्याची शाखा एका वेळी टाळ्या वाजवत होती, जे आजवर कधी घडलं नव्हतं. मग दादांना विनोद सुचला. बायकांच्या रांगेकडं वळून ते म्हणाले, "शोभा, घरातले देव तरी आहेत ना जागेवर, का तेही वाहिलेस?"

सभागृह खो खो हसलं. शोभाकाकूही हसल्या, पदर सारखा केला आणि खाली मान घालून बसल्या. शेजारची सून त्यांच्यापासून किंचित सरकून बसली. सुमंतरावांना व्यासपीठावरून ते स्पष्ट दिसलं. ती शाल एकाएकी अंगाला टोचायला लागली. माइक समोर होता. त्यांनी तो हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे." आणि खाली बसले. त्याची त्यांना लाज वाटली, पण ती खाली बसल्यावर.

घरी आल्यावर सुमंतरावांनी शाल खुंटीला टांगली आणि म्हणाले, "दादांनी असं बोलायला नको होतं."

"अकराच पानं होती हो," शोभाकाकू म्हणाल्या.

सुमंतरावांनी खुंटीवरची शाल उगाच पुन्हा सारखी केली.

"दसऱ्याला अजिनाथ म्हणाला, काकू, एखादी फाइल उघडून बघा. म्हटलं, दाखव तो कुलवृत्तांत. तोच विचारत होता, 'येवडंच हाय व्हय?' म्हटलं, उरलेलं कागदावर आहे." त्या पातळाची घडी घालत होत्या. "नंतर तुमचं फोनवरचं ऐकलं. राजस केबल घेऊन येणार म्हणाला आणि तुमचं जेवण तुटलं. म्हणून मीच ती वस्तू निर्माल्यात घातली. दोष कुणाच्या तरी पदरात घालायचाच होता ना, मग माझ्या घातला."

एवढं साधं बोलून त्या दिवा लावायला गेल्या. सुमंतरावांना आधी बायकोचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तो काही जाईना. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. तो लगेच सुरू झाला. विचार बदलायला यंत्र आता वेळच देत नव्हतं. 'वीजबिले' उघडून त्यांनी अकरा पानं बाहेर काढली, कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली आणि खाली लिहिलं, 'कुलवृत्तांत एवढाच लिहिला होता. बाकी कधी नव्हताच. शोभेचा काही दोष नाही.'

लिहून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतः उठून चहा टाकला.

चहा उकळायच्या आत राजसचा फोन आला. त्याचा आवाज भरून आला होता. "काका, वाचलं मी. सगळ्यांनी वाचलं. काकूंवरचा बोल जावा म्हणून तुम्ही इतक्या वर्षांचं काम नव्हतंच म्हणता? स्वतःवर घेता?"

"अरे, खरंच नव्हतं रे. अकराच पानं."

"पुरे काका. तुमच्याकडून नव्वद टक्के झालं होतं हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. तुम्ही फार मोठे आहात."

"राजस, माझं ऐक..."

"ती अकरा पानं तरी हाती राहिली हे काय कमी आहे? राधाकृष्णदादा म्हणतात, फ्रेम करून कुलदैवताच्या देवळात लावू."

फोन ठेवला. गटावर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. नगरच्या शाखेनं लिहिलं होतं, 'असा नवरा मिळायला भाग्य लागतं.' पुण्याच्या शाखेनं त्याला अनुमोदन दिलं होतं.

सुमंतरावांनी मोबाईल शोभाकाकूंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सगळं सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"तुमच्या अकरा पानांत माझं नाव कुठंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता बघा, पुस्तक झालं नाही तरी कुळ मला विसरायचं नाही."

आणि उतू चाललेला चहा त्यांनी उतरवला.