काचेवरचे कुंकू

झेंडूचा ओला वास आला की खंडेनवमीनंतरची ती सकाळ आठवते. मालवणजवळच्या एका मासळीच्या कारखान्यात, चाळिशी ओलांडल्यावर, मी अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या यंत्रापुढे आम्ही लेझर स्कॅनर बसवला होता. त्याच्या अदृश्य प्रकाशात कोणाचे पाऊल पडले की यंत्र तत्काळ थांबे. त्या सकाळी मात्र ते सुरूच होईना. धक्क्यावर होड्या बर्फासाठी खोळंबल्या होत्या. मुकादम ओरडला, "बाईनू, ता डबडा बाजूक करा नि यंत्र चालू करा. मासळी कुसतली!" मी वाकून पाहिले, तर स्कॅनरच्या काचेवर कुंकवाचा जाड टिळा; प्रकाश तिथेच अडत होता. बर्फ भरणारी काकी म्हणाली, "नवीन यंत्र म्हणान मियाच लावलंय. देवाचा कुंकू पुसू नकात हां!" एरवी मी मान खाली घातली असती, पण सांडलेले तुकडे वेचायला यंत्राच्या दात्यांपाशी तीच वाकत असे. "स्कॅनर बंद ठेवून यंत्र चालणार नाही," मी म्हणाले. मग काकीकडे वळले, "तुमचा हात दात्यांत जाऊ नये म्हणून ही काच आहे. तिला तुम्ही दिसायला हव्यात." ती क्षणभर घुटमळली. मग पदराचे टोक बर्फावर ओले करून तिनेच काच पुसली आणि काचेलाच विचारले, "दिसतंय मां आता?" यंत्र घरघरत सुरू झाले. आजही खंडेनवमीला मी पहिले कुंकू स्कॅनरच्या लोखंडी पायाला लावते; काचेला बोटही लागू देत नाही.