राक्षस पक्ष्याच्या पोटातली पिल्लं

आमच्या बोथ गावच्या जत्रेचं नाव निघालं की मला अजून शिसारी येते. आणि ती माझ्याच गावच्या माणसांची येते.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. तंबूवाल्या चंपतरावानं कुठल्याशा मासिकात लाखो वर्षांपूर्वीच्या पक्ष्याचं चित्र पाहिलं. माणसाहून उंच, उडता न येणारा, धावत जाऊन शिकार धरणारा, कुऱ्हाडीसारख्या चोचीचा. आता त्याची दगड झालेली हाडंच उरलीत, तीही सातासमुद्रापार. चंपतरावाला त्याचा खेळ लावायचा होता, आणि आमच्या शेजारच्या दौलतइतका लांबटांग्या माणूस पंचक्रोशीत नव्हता. एरवी तो कापसाचे गठ्ठे वाहायचा.

गोणपाटावर कोंबड्यांची पिसं डकवलेली, वर पत्र्याची चोच. उन्हात त्या पिसांना घाण सुटे. दौलत आत घामानं निथळत पळायचा, चोच आपटायचा, बायापोरं किंचाळायची. पण लोकांचं तेवढ्यानं भागेना. मग चंपतराव दर खेळात त्याच्यापुढे कोंबडीचं जिवंत पिल्लू सोडू लागला.

"फाड त्याले. लोकायले रगत पायजे."

दौलतची बायको जयवंताबाई कोंबड्या पाळायची, पण खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायचा तो दौलतच. त्याच्यानं जीव घेववेना. चोचीत धरलेलं पिल्लू तो हळूच सदऱ्यात सोडायचा आणि कुंकवाच्या पाण्यात भिजवलेला कापूस बाहेर टाकायचा. लोक शिट्ट्या मारायचे. संध्याकाळी पिल्लं घरी.

"देवकाबाई, चंपतरावाले कळलं तं काम जाईन," तो मला म्हणाला होता. "पन माह्याच्यानं नाई होत."

शेवटच्या दिवशी पक्ष्याच्या पोटातून चिवचिव ऐकू आली. आधी हशा, मग आरडाओरडा. "फसवलं! खरं खाऊन दाखव!" ओरडणारे कोण, तर रोज भजनात टाळ कुटणारे आमचेच लोक. चंपतरावानं चोच उपटून काढली. आत घामेजलेला दौलत, छातीशी पिल्लू.

समोर भजनी मंडळाचा वामनराव पाटील होता.

"पाटील, लहान जीव हाय," दौलत म्हणाला. "काऊन मारू?"

वामनरावानं पिल्लू हिसकावलं, मान पिरगाळली आणि दौलतच्या तोंडावर फेकलं. "घे, आता खा."

लोकांनी टाळ्या पिटल्या. थू असल्या माणसांवर!

दौलतनं पिल्लू उचललं आणि पिसं अंगावर तशीच घेऊन घर गाठलं. काम गेलंच.

त्याला गाव अजून ठग म्हणतं. वामनराव भजनात पुढे बसतो, भूतदयेचा अभंग तोच सुरू करतो, आणि सगळे माना डोलावतात.