तपासणीची वेळ

घाटकोपरच्या रेशनिंग ऑफिसात मी कारकून म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. राहायला मुलुंडला, दोन खोल्यांत आई-वडील आणि मी. वडील मूळचे मालवणकडचे, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. मला नोकरी लागून काही महिने झाले आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिल्यांदा ते रोज गेटसभेला जायचे, मग आठवड्यातून एकदा, आणि पुढे पुढे घरीच खिडकीपाशी बसून राहू लागले. घरात येणारा पगार एकट्या माझा, आणि मी अजून कायम झाले नव्हते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं त्याला एवढं कारण पुरेसं आहे का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर खोटी रेशनकार्डं शोधून रद्द करायची मोहीम निघाली. निरीक्षक कमी होते म्हणून आम्हा कारकुनांनाही वस्त्यांत पाठवलं. माझ्या वाट्याला डोंगराच्या उतारावरची एक वस्ती आली. ऑफिसातून अकराला निघायचं आणि चारपर्यंत परतायचं, कारण पाचच्या आत तपासणीची वही साहेबांच्या टेबलावर लागायची. दार वाजवायचं, कार्डावरची माणसं घरात आहेत का बघायचं, शेरा लिहायचा. कुलूप असेल तर आणखी एकदा जायचं, असा नियम होता. तो मी पाळला. दोन्ही खेपा दुपारच्याच.

पहिल्या दिवशी एका कुलपासमोर उभी असताना शेजारची म्हातारी म्हणाली की कामावर गेलीत, दिवेलागणीला येतील. परत आल्यावर मी साहेबांना विचारलं, अशा घरापुढे काय लिहू? साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि कुठलंही झंगट नको, एवढंच त्यांचं धोरण होतं. ते म्हणाले की शेजाऱ्यांच्या तोंडी माहितीसाठी वहीत रकाना नाही, डोळ्यांना दिसलं ते लिहा. मग मी कुलूप दिसलं की लिहू लागले, ‘घर बंद, राहत नाहीत.’ शेजारी विचारायचंही सोडून दिलं. उन्हात चढ चढून जीव जायचा आणि त्या चार शब्दांनी काम पटकन उरकायचं.

जानेवारीत कार्डं रद्द झाल्याच्या नोटिसा गेल्या आणि खिडकीवर रांग लागली. त्यात चाळिशीची एक बाई होती, उंच, केस घट्ट बांधलेले. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. संप लांबला तसा नवरा दोन्ही मुलांना घेऊन गावी गेला होता आणि ती एकटी इथे राहून पैसे पाठवत होती. कार्ड रद्द म्हणजे रॉकेल बंद. शिवाय जूनमध्ये मुलांना परत शाळेत घालायचं तर कार्ड दाखवावं लागणार. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मी वही काढली. तिच्या नावापुढचा शेरा माझ्या अक्षरात होता.

“काय लिहिलंय त्यात?” तिने विचारलं.

“राहत नाही असं लिहिलंय.”

“कोणी लिहिलं?”

मी म्हटलं, “तपासणीला आले होते त्यांनी.” मग तिला अर्ज करायला सांगितलं. अर्ज तिने केला. तो मीच नोंदवून घेतला, आणि गठ्ठ्यात ठेवून दिला. त्यानंतर ती तीनदा आली. चौथ्यांदा आली नाही तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

ती कुठे गेली होती ते मार्चमध्ये कळलं. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. एका सकाळी मंत्रालयातून शिपाई तातडीचा लखोटा घेऊन आला आणि साहेबांचा चेहरा उतरला. ऑफिसात कुजबुज झाली की एलएक्यू आलाय. आमदारांनी सरकारला विचारलेल्या प्रश्नाला ऑफिसात एलएक्यूच म्हणत. हा तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून त्याचं उत्तर द्यायचं, आणि त्यावर सदस्य आणखी उपप्रश्न विचारू शकणार. विचारणारे विरोधी बाकावरचे होते. वस्तीतल्या लोकांनी त्यांच्याकडे सह्यांचा अर्ज नेला होता. अर्जाची प्रत सोबत जोडलेली होती. पहिली सही त्या बाईची.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. घाटकोपर येथील डोंगरउतारावरील वस्तीत राहणाऱ्या कुटुंबांच्या शिधापत्रिका योग्य चौकशी न करता रद्द करण्यात आल्या, हे खरे आहे काय. असल्यास, त्या पूर्ववत करण्याबाबत कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय. वस्तीची वही माझी, म्हणून उत्तराचा मसुदाही मीच करायचा होता. मी लिहिलं की तपासणी झाली, पण काही घरं कामाच्या वेळेमुळे बंद असण्याची शक्यता आहे. साहेबांनी ते वाक्य शाईने खोडलं. म्हणाले, शक्यता सभागृहात चालत नाही, तिथे होय किंवा नाही. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

टंकलेखिकेने चार प्रती काढल्या आणि उत्तर मंत्रालयात गेलं.

त्या संध्याकाळी घरी वडिलांनी विचारलं की आज एवढा उशीर कसा. मी सांगितलं. ते संप सुरू झाल्यापासून ऑफिसच्या गोष्टींत फार लक्ष घालत नसत, पण हे त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती वाजता गेललंस थंय?”

“दुपारी.”

“कामाक गेललो माणूस दुपारचो घरात गावता काय गो?” एवढंच बोलून ते पुन्हा खिडकीकडे वळले. आईने ताट वाढलं. मी जेवले.

प्रश्न पुकारला जाणार त्या दिवशी साहेबांनी मला सोबत नेलं, कारण उपप्रश्न आला तर वहीतलं पान पटकन काढून देणारं कोणीतरी हवं होतं. विधानभवन मी आतून पहिल्यांदाच पाहत होते. अधिकाऱ्यांसाठी बाजूला बसायची जागा होती. आमच्या पुढच्या रांगेत खात्याचे वरिष्ठ, त्यांच्या मागे साहेब, साहेबांशेजारी मी, मांडीवर वही. तिथून मंत्र्यांपर्यंत चिठ्ठ्या जात-येत होत्या. वस्तीच्या पानात मी बोट घालून ठेवलं होतं.

आमचा प्रश्न पुकारला. मंत्री उठले आणि माझं वाक्य त्यांनी वाचलं, “हे खरे नाही.” दुसऱ्याच्या आवाजात, ध्वनिक्षेपकावरून ऐकताना ते अगदी पक्कं वाटलं. क्षणभर मलाही वाटलं की असेल बाबा, खरं नसेल.

प्रश्न विचारणारे सदस्य उठले. वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. ते भाषण करतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “अध्यक्ष महोदय, तपासणी किती वाजता केली?”

मंत्र्यांनी आमच्या बाजूला पाहिलं. पुढून चिठ्ठी आली, तिच्यावर एकच शब्द होता, ‘वेळ?’ साहेबांनी ती माझ्यापुढे धरली. मी लिहिलं, ‘स. ११ ते दु. ४.’ साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “असं उघडं नको. नीट लिहा.”

मी ते आकडे टाकून द्यायला नको होते. कागद त्यांच्याच हातात देऊन ‘तुम्ही लिहा’ म्हणता आलं असतं. मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, ‘कार्यालयीन वेळेत, नियमानुसार.’ हे शब्द मला कोणी सांगितले नव्हते. ते माझे मलाच सुचले, आणि खोटं काही न लिहिता निभावलं याचं थोडं समाधानही झालं.

चिठ्ठी पुढे गेली. मंत्र्यांनी ती जशीच्या तशी वाचली.

सदस्य अजून उभेच होते. ते म्हणाले, “कार्यालयीन वेळेत ज्यांची घरं उघडी सापडतात, त्यांना कामधंदा नसतो. सरकारने नेमकी काम करणाऱ्यांचीच कार्डं रद्द केली, असं समजायचं का?”

बाकांवर हशा पिकला. मागून कोणीतरी ‘शेम’ म्हणालं. आणखी दोघे सदस्य उठले, आपापल्या भागाचं सांगू लागले. मंत्र्यांनी पुन्हा एकदा आमच्याकडे पाहिलं, पण आता द्यायला कोणाकडे चिठ्ठी नव्हती. शेवटी ते म्हणाले की या वस्तीतल्या रद्द केलेल्या कार्डांची फेरतपासणी करण्यात येईल. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं झाली असतील.

बाहेर आल्यावर, स्टेशनच्या वाटेवर साहेब म्हणाले की चिठ्ठीतले ते शब्द तुमचे होते हे मी कुठे सांगणार नाही. ते खरोखरच सांभाळून घेत होते, आणि मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा.

सभागृहात दिलेल्या शब्दाला आमच्याकडे आश्वासन म्हणत, आणि आश्वासनाची वेगळी फाइल असे. ती फाइल आठवड्याभरात माझ्याच टेबलावर आली. फेरतपासणी करून अहवाल पाठवावा. साहेबांनी हुकूम काढला, त्यातही वेळ होती ती अकरा ते चार. मी म्हटलं की मी संध्याकाळी जाईन. ते म्हणाले, संध्याकाळच्या कामाची मंजुरी मला देता येत नाही. मी म्हटलं, मंजुरी नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या कागदावर सही करायला घेतली. नाही म्हणाले नाहीत.

ऑफिस सुटल्यावर, साडेसहाला मी डोंगर चढायचे. त्या वेळी वस्ती ओळखू येत नव्हती. दुपारी जिथे नुसती कुलपं होती तिथे स्टोव्ह पेटलेले, नळावर हंड्यांची रांग, दारात बसून पोरं अभ्यास करतायत. दार वाजवायचीही गरज पडत नव्हती, सगळी उघडीच होती. रोज पाच-सहा घरं करून मी आठच्या सुमारास उतरायचे.

तिसऱ्या संध्याकाळी त्या बाईच्या घरापाशी पोचले. ती भाकरी थापत होती. मला ओळखलं.

“खिडकीतल्या बाई ना तुम्ही? या, बसा.”

मी बसले नाही. कार्डाचं पान उघडलं, तिचं नाव वाचलं, आणि मग म्हटलं, “मावशी, आधीचा तो शेरा मी लिहिला होता. दोनदा आले होते, दुपारी. शेजारी विचारलं नाही.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. विझेल म्हणून स्टोव्हला दोनदा पंप मारला. मग म्हणाली, “मी तेव्हा विचारलं होतं, कोणी लिहिलं म्हणून.”

“हो.”

“तेव्हा का नाही सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर होतं. वडिलांचा संप, कच्ची नोकरी, सगळं ओठांवर आलं होतं. पण तिचा नवराही त्याच संपात होता. मी वही तिच्यापुढे धरली. तिने सही केली, आणि बाजूच्या ओळीतली चार दारं मला दाखवली. त्यांतल्या दोन घरांत आता वेगळीच माणसं राहत होती. आधीची कुटुंबं फेब्रुवारीत सामान बांधून कोकणात गेली होती. एका घरच्या बाईने जाताना म्हटलं होतं की संप, त्यात कार्डही गेलं, आता इथे थांबायचं कशाला. कार्डामुळेच ती गेली असं मी म्हणणार नाही. संपाने त्या वर्षी कितीतरी घरं रिकामी केली. पण तिच्या अर्जाचा कागदही माझ्याच गठ्ठ्यात होता.

त्या दोन नावांपुढे मला ‘राहत नाहीत’ असंच लिहावं लागलं. या खेपेला ते खरं होतं. प्रत्येक शेऱ्याखाली मी तपासणीची वेळही घातली, सायंकाळी सात वाजून दहा, सात वाजून पंचवीस. वेळेसाठी रकाना नव्हता, म्हणून समासात. साहेबांनी ती पानं उलटली, समासावर बोट ठेवलं, आणि सही केली. अहवाल वर गेला. बहुतेक कार्डं परत मिळाली. कळवलं गेलं की आश्वासनाची पूर्तता झाली. मला कायम व्हायला मात्र माझ्या बरोबरीच्यांपेक्षा दीड वर्ष जास्त लागलं. कारण कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वडिलांना मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचंही. ते म्हणाले, “बरा झाला, गेलंस ता.”

मे महिन्यात ती बाई कार्ड घ्यायला आली. दोन खिडक्या उघड्या होत्या. माझ्यासमोर कोणी नव्हतं, शेजारच्या खिडकीपुढे दहा-बारा माणसं होती. ती तिथे, सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. पाऊण तासाने नंबर लागला, सहकाऱ्याने कार्ड दिलं. तिने ते उघडून दोन्ही मुलांची नावं आहेत का तपासलं, पिशवीत ठेवलं आणि गेली. मी तेवढा वेळ समोरचं रजिस्टर चाळत बसले होते.